चौथं चाक

हॅलो?… कोण?… थांबा, ग्राइंडर बंद करतो… हां, बोला. विनिता वहिनी! कशा आहात?

…व्हय. माझंच चुकलं. घरधनी जाऊन दोनच महिने, काय बरं असणार माणूस.

जीप? विकली?… बरं केलंत. खरंच बरं केलंत. प्रज्योतच्या माघारी डिचोलीच्या पावसात ताडपत्रीखाली कुजण्यापरीस… कुणाला दिली?… बेळगावचे राजेश. बरं. कधी नेणार?

उद्या? उद्याच?

नाही, काही नाही… काय म्हणाले ते? चारही चाकांवर धारगळच्या काशिनाथचा पंच बघितला आणि लगेच हो म्हणाले?… हां. आहे. चारही चाकांवर माझा 'का' ठोकलेला आहे.

अहो वहिनी, ऐका ना आधी. गाडी नेऊ देऊ नका… नाही, इंजिन चांगलंय. चाकाचं सांगतोय. मागचं डावं… अहो मला बोलू द्या, नाहीतर परत धीर व्हायचा नाही माझा.

ती रिंग असते बघा चाकाला… तीच, बीडलॉक. चिखलात हवा कमी करून गाडी घातली तरी टायर रिमवरून निसटू नये म्हणून. एक रिंग रिमला वेल्ड करायची, टायरची कड तिच्यावर बसवायची, वरून दुसरी रिंग बोल्टनं आवळायची. सगळा भार त्या वेल्डवर. तो सुटला तर… व्हय. टायर निखळणार, धावत्या गाडीचं.

तीन चाकं मी केली. इथं एक टाका, मग बरोबर समोर एक, थंड होऊ द्यायचं, मग पुढं. एका दमात गोल फिरवलं की रिम वाकतं. अर्धा दिवस जातो एका चाकाला. मग साबणाचं पाणी लावून बघायचं. एक बुडबुडा दिसला तरी पंच नाही. वीस वर्षं झाली इथं येऊन, खोटा पंच कधी मारला नव्हता.

चौथं प्रज्योतनं केलं.

…व्हय, त्यानंच. बांबोळीच्या इस्पितळातनं येताना तुम्ही दोघं इकडं आलात आणि मी तुम्हाला घरात आमच्या शुभांगीकडं चहाला पाठवलं… मुद्दामच पाठवलं. त्यानंच सांगितलं होतं. एक तरी चाक माझ्या हातचं असू दे म्हणाला. हात लई कापत होते हो. स्टुलावर बसवला आणि मागून कोपर धरून उभा राहिलो. वेल्ड कसला, नुसती भोकं. वरवर चिकटलेला. झालं तेव्हा तोंडावरची काच वर करून विचारतो, "मेस्ता, पास?"

…मारला. मारला मी पंच.

काय करणार होतो? किती दिवसांनी हसला होता तो! मनात म्हटलं, ही गाडी आता कुठं बाहेर निघतेय. तेरावं झालं की गुपचूप बदलून टाकू. दोनदा आलो डिचोलीला… हां, अंगणातनंच परत गेलो, तेव्हाच. ताडपत्री उचलली, त्याच्या वेल्डवरनं हात फिरवला… कापवेना. ग्राइंडर माझ्या गाडीतच राहिला.

आता निघतो मी. राजेशना माझ्याच तोंडानं सांगतो… नाव गेलं तर जाऊ दे. पण ते चाक कापावं लागणार वहिनी. माझा पंच असलेलं कच्चं चाक शिल्लक ठेवता येत नाही, उद्या कुणीतरी बसवील. मला माफ…

काय?… काढलंय? कुणी काढलं?… शेजारच्या गौरेशनं, काल?… तुळशीजवळ ठेवलंय… मग गाडी?… जॅकवर. म्हणजे फोन तुम्ही नवीन चाकासाठी केलात? आणि मी मघापासून…

पण तुम्हाला कुणी सांगितलं?

…प्रज्योतला ठाऊक होतं?

थांबा. परत सांगा. काय म्हणाला नेमकं?… "काशिनाथनं खोटा पंच मारलाय, माझ्यासाठी. गाडी विक, पण ते चाक कुणाला देऊ नको."

…थांबा, डोळे पुसतो.

…नाही हो, धूर कसला. रडतोय मी.

व्हय. ठेवा ते. नाही कापत. आधी फक्त पंच पुसून घेतो… का? पंचासकट पाहिजे?… बरं. राहू दे पंच. पण घराबाहेर जाता कामा नये.

नवीन आत्ता लावतो करायला. संध्याकाळपर्यंत होईल, उद्या सकाळी आणून बसवतो… हां, साबणाचं पाणी लावून. मगच मारणार.

ठेवा आता… नाही, तुम्ही ठेवा वहिनी. मला ठेवता येईना.