शेंगतेल घातलेलं इंजिन

लालासाहेब : आण्णा, बटन परत फिरवा. आनखी थोडं.

मदन : फिरवलं. दिवा लागतोय, पन इंजिन जागचं हलत न्हाई. सुभेदार, मोटार जळली असंल का हो?

लालासाहेब : जळली असती तर वास आला असता. रूळ पुसले, चाकं पुसली, करंट पोचतोय. बिघाड आत हाय. बारका स्क्रू ड्रायव्हर द्या.

मदन : तुमची झाशीला बदली झाली तवा तुमचा जयराज सातवीत होता. तुमी आमची वरची खोली रिकामी केली, सामान ट्रकात चढलं आणि पोरगं ह्या खेळण्यातल्या रेल्वेचं खोकं घेऊन माझ्या दुकानात आलं. ‘आण्णा, ट्रकात मोडंल, तुमी सांभाळा’ म्हनलं. आज ते खऱ्या इंजिनावर नोकरीला लागलंय, मिरजेला रुजू व्हायला येतंय. त्याच्या हातात हे बंद पडलेलं कसं देऊ?

लालासाहेब : असिस्टंट ड्रायव्हर हाय अजून. आणि खेळण्यापायी एवढं मनाला लावून घेता व्हय?

मदन : खेळनं असूदे, दुसऱ्याची वस्तू हाय. विश्वासानं दिलेली.

सुंदरी : भावजी, सकाळी चालवून बघितलं तवापासनं ह्यांनी पान्याशिवाय काय घेतलं न्हाई.

लालासाहेब : थांबा वहिनी. ही सुटी बॅटरी मोटारीला लावतो. आता ऐका.

मदन : गुनगुनतीय.

लालासाहेब : म्हंजे मोटार जिवंत हाय. पन तिला कशानंतरी धरून ठेवलंय. हितं बघा, दात्यांत चॉकलेटी चिकाट बसलंय. नखानं बी निघंना. आण्णा, ह्यात काय घातलंवतं?

मदन : तेल. दर दिवाळीला.

लालासाहेब : कसलं तेल?

सुंदरी : शेंगतेल. सांगा की त्यांना. आपल्या घाण्याचं, ताजं. देव्हाऱ्यातल्या दिव्याच्या आधी इंजिनाला घालत होते.

लालासाहेब : खोक्यात ग्रीसची नळी ठिवलीवती मी.

मदन : ती उघडलीच न्हाई. ग्रीसमध्ये जनावराची चरबी असती असं कोनतरी म्हनलं. खरं-खोटं मला ठाऊक न्हाई, पन आमच्या जैनाच्या घरात ते कसं चालंल? म्हनून जे आमी खातो तेच घातलं. त्यानं काय वाईट व्हायचंय, असं वाटलं.

लालासाहेब : अहो, भज्याच्या कढईला कडंनं चिकाट धरतं बघा, तसं झालं. वर्सावर्साला वाळत गेलं.

मदन : म्हंजे मीच मारलं त्याला.

लालासाहेब : मेलेलं न्हाई ते. लय मायेनं चिकटलंय. वहिनी, इंजेक्शनच्या येळंला लावता ते स्पिरिट द्या. आणि दातांचा जुना ब्रश.

सुंदरी : गाडीतलं पेट्रोल काढून आनू का?

लालासाहेब : नको, प्लॅस्टिक खाईल ते.

(बराच वेळ नुसता ब्रश घासल्याचा आवाज.)

मदन : सुटतंय की हो.

लालासाहेब : सुटनारच. आता शिलाई मशीनचं तेल, एकच थेंब. हे जमिनीतनं निघतं, आण्णा. चरबी न्हाई ह्यात.

मदन : तुमी सांगताय म्हंजे झालं. घाला.

लालासाहेब : हां, ठेवलं रुळावर. बटन हळू फिरवा.

मदन : माझ्यानं न्हाई व्हायचं. सुंदरी, तू फिरव.

सुंदरी : फिरवते. थोडं अडखळतंय... आवं, चाललं बघा. वळनावरनं बी गेलं.

मदन : छातीवरचा धोंडा उतरला, सुभेदार. त्या पोराच्या डोळ्याला डोळा कसा देऊ, हेच सकाळपासनं डोक्यात चाललंवतं.

लालासाहेब : एवढा जीव मी बी लावला नसता त्याला, खरं सांगतो.

मदन : नीट बांधून ठेवतो. जयराज आला की त्याच्या हातात देतो.

लालासाहेब : द्या. आणि ते घेऊन झालं की आनखी एक सांभाळायला ठेवतोय तुमच्याकडं.

मदन : काय ते?

लालासाहेब : पोरगंच. मी उद्या गावाकडं, वडूजला जानार. त्याला क्वार्टर मिळंस्तवर वरच्या खोलीत ऱ्हाऊ द्या. ड्युटीचा नेम न्हाई, कवा जाईल, कवा येईल. जेवनार कुठं, ह्याचा त्याच्या आईनं घोर घेतलाय.

मदन : हे इचारायचं असतं व्हय? खोली आजच झाडून घेतो. आमचं तेवढं दिवस बुडायच्या आत जेवन असतं, ते त्याला म्हाईत हाय.

सुंदरी : आणि ड्युटीवरनं उशिरा आला तर?

मदन : तर त्याचं ताट झाकून ठेव.