मोज्यातली किल्ली

...आणि एवढं सगळं करून ती मनाची डॉक्टरीणबाई स्वतः मला लिफ्टनं खाली सोडायला येते हो! पन्नास मिनिटं खुर्चीत बसवायचं, खपल्या काढायच्या, घड्याळाकडे न बघितल्यासारखं करून बघायचं, "आज इथं थांबू या" म्हणायचं... मग उठून चालतं व्हायची सोय आहे का? नाही! ब्वेनोस आयरेसमधली दारं, रस्त्याचं दार आतूनसुद्धा कुलपात, आणि किल्ली तिच्याकडे! म्हणजे जिच्यासमोर आत्ता नाक शिंकरलं तिच्याच शेजारी, फडताळाएवढ्या लिफ्टमध्ये, पाच मजले उतरायचं. ती छताकडे बघते, मी बुटांकडे. वरती प्रश्नांचा भडिमार, लिफ्टमध्ये अवाक्षर नाही. एकदा मीच म्हटलं, "उकाडा फार आहे हो, पेर्लाबाई." तर म्हणते, "हं." हं! शाळा दोन इयत्ता शिकलोय मी, पण "हं" म्हणायला मलाही येतं.

मी कशाला जातोय तिथं? मला काय वेड लागलंय? तुम्हाला सांगतो, सगळं त्या मोज्यापायी. मी राहतो तिसऱ्या मजल्यावर. घंटी वाजली की लोक खाली जाऊन दार उघडतात, मी जात नाही. कधीच गेलो नाही. बायको होती तोवर ती जायची, कुरकुरत का होईना जायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून लोकरीच्या मोज्यात किल्ल्या घालतो, गाठ मारतो, बाल्कनीतून खाली टाकतो. अर्धं शहर टाकतं! पण अर्ध्या शहराच्या नातींची डोकी मध्ये येत नाहीत. माझी सात वर्षांची ओरियाना नेमकी तेव्हाच वर बघून "आजोबाऽऽ" करून ओरडली आणि मोजा बसला की थेट कपाळावर! बटाट्याएवढं टेंगूळ.

झालं. नेलीदा, म्हणजे माझी मुलगी, रस्त्यावरूनच सुरू झाली. "बाबा, आई असताना ती उतरायची, आता मोजा! तीन जिने उतरून लेकीला दार उघडायला तुम्हाला होतं काय?" मी म्हटलं, "गुडघा." म्हणते, "गुडघा बुधवारी पत्ते खेळायला बरा चालतो! कुणाशी तरी बोला जाऊन. बोलत नाही तोवर रविवारी आम्ही येणार नाही." आणि गेली, राविओलीच्या डब्यासकट. रविवारी एकट्यानं जेवून बघा कधी. काटा ताटावर वाजतो ना, तोसुद्धा मोठ्यानं वाजतो.

म्हणून गेलो. चार महिने, दर मंगळवारी. ती विचारणार, "खाली जायचं म्हटलं की शरीरात काय होतं?" शरीरात! मी म्हटलं, "वायू होतो." ती हसली नाही. म्हणते, "तुम्हाला जेव्हा सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा, घाई नाही." घाई नाही म्हणे, माझं वय एक्क्याऐंशी! मग गप्प. मी गप्प, ती गप्प, खिडकीत कबुतर, तेही गप्प. उठून जावं तर किल्ली तिच्याकडे!

एकदा म्हणाली, "तुम्ही आधी काय काम करायचात?" आता हे काय विचारणं झालं? मी म्हटलं, "दरवान होतो." बोलून गेलो आणि जीभ चावली. तिनं भुवईसुद्धा हलवली नाही हो, पण खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवावी तसं झालं. उरलेली चाळीस मिनिटं मी तिला पितळी मूठ चकचकीत कशी करायची ते सांगितलं. लिंबू आणि राख. तिनं सगळं ऐकून घेतलं.

आणि मग जानेवारीचा शेवटचा मंगळवार. फेब्रुवारीत या लोकांची अख्खी जमात समुद्रावर जाते, शहरानं महिनाभर आपलं दुःख आपणच सांभाळायचं. पन्नास मिनिटं मी टोमॅटोच्या भावावर बोललो. "आज इथं थांबू या." लिफ्टमध्ये शिरलो. तिनं जाळीचं दार ओढलं. ते अडकलं. त्या जुन्या जाळ्या अडकतातच, जरा वर उचलून मग ओढावं लागतं. माझा हात आपोआप पुढं गेला, उचललं, ओढलं, बसलं. आणि तुम्हाला सांगतो, तो हात मला परत घेता येईना.

म्हटलं, "त्या दिवशीही अशीच अडकली होती."

ती छताकडं बघायची थांबली.

सत्याहत्तर साल. लष्कराचं राज्य, उचललेली माणसं परत यायची नाहीत. भर दुपार, मी जेवायला बसलेला. चार जण आले, साध्या कपड्यांत, बाहेर बिननंबराची मोटार. "चौथा मजला," म्हणाले. दरवानाचं काम काय? दार उघडणं. उघडलं. वर जाळी अडकेल, यांना जमणार नाही, म्हणून मी बरोबर गेलो हो! जाळी उचलून धरली, "या, सावकाश," असंसुद्धा म्हणालो. सावकाश! चौथ्या मजल्यावर नोएमी राहायची. बावीस वर्षांची, शिक्षिका. गावी, सान्तियागोला, माझ्या आईला माझी पत्रं तीच लिहून द्यायची, मी सांगायचो "लिही, मी बरा आहे," ती म्हणायची, "भाऊ, एवढंच? आईला जरा खोटं तरी सांगा, जाड झालोय म्हणून." तिला दोन्ही दंडांना धरून खाली आणलं. रस्त्याचं दार बंद. किल्ली कुणाकडं? माझ्याकडं! मी उघडलं. आणि बाहेर पडताना ती, रोज शाळेत जाताना म्हणायची तसंच म्हणाली, "येते हं, रोसेन्दोभाऊ."

मग मी दार लावलं, किल्ली फिरवली. दोन फेरे. महिन्याभरात नोकरी सोडली.

लिफ्ट केव्हाच तळाला पोचली होती. कुणी जाळी उघडेना. बाई अगदी हळू म्हणाली, "कसं म्हणाली ती?"

"सांगितलं ना, रोजच्यासारखं!" मी खेकसलो. "टोमणा नव्हता. सत्तेचाळीस वर्षं मी टोमणा समजत आलो, पण... रोजच्यासारखंच म्हणाली हो."

"आणि घंटी वाजते, तेव्हा खाली कोण उभं असतं?"

तुम्हाला काय वाटलं? ते चौघे? मलाही तेच वाटायचं. म्हटलं, "ती. येते म्हणून गेलीय ना. मी दार उघडणार आणि ती नसणार. दर वेळी नसणार."

नाक पुसायला रुमाल नव्हता, बाहीला पुसलं. दारापाशी आलो, तर तिनं जुडगा तळहातावर ठेवून पुढं केला. "तुम्ही उघडता, की मी उघडू? तुम्हाला हवं तसं." मी म्हटलं, "तुम्हीच उघडा." "बरं," म्हणाली, उघडलं, आणि गेली समुद्रावर! माणसाला असं उघडं टाकून कुणी पोहायला जातं का?

"बोललो एकदाचा," एवढंच नेलीदाला कळवलं. रविवारी तिचा फोन. "येतोय आम्ही. पण मोजा झेलणार नाही मी. खाली येऊन उघडा, नाहीतर राविओली घेऊन परत."

घंटी वाजली. "कोण?" "आम्ही, बाबा." मोज्याची गाठ सोडली, रस्त्याच्या दाराची किल्ली तेवढी काढली, मुठीत धरली आणि निघालो. तीन जिने, तुम्हाला सांगतो, तीन जिने उतरायला मला एवढा वेळ लागला की खाली ओरियाना म्हणत होती, "आई, आजोबा मेले का?" काचेतून पाहिलं. नोएमी नव्हती. नेलीदा होती, आणि सायकलचं हेल्मेट घालून ओरियाना. दोन फेरे. उघडलं. नेलीदानं डबा खाली ठेवला आणि माझी गचांडी धरावी तशी मला मिठी मारली. फुटपाथवर! लोक बघत होते.

आणि मग वरती धाडकन आवाज. वाऱ्यानं माझ्या घराचं दार लागलं, कुलपासकट.

"बाबा, घराची किल्ली?"

"मोज्यात."

"आणि मोजा?"

तिघांनी वर बघितलं. बाल्कनीच्या कठड्यावर वाळत टाकल्यासारखा लोंबत होता. ओरियानानं हेल्मेटचा पट्टा आवळला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "आजोबा, टाका ना!"

टाकणार कोण? टाकणारा म्हातारा आज खाली उतरला होता.