बसून बघितल्याशिवाय नाही

छे छे, उभं राहून काय बघायचं, व्हर्लिन? उभं राहून सगळीच पिस्तुलं गुणी असतात. तुमच्या त्या आरशासमोर उभी राहिले की वाटतं, वा, जॅकेटखाली काही आहे असं सख्ख्या आईलासुद्धा कळायचं नाही — आणि खाली बसलं रे बसलं की बरगडीत घुसतं. दिवसभरात माणूस उभं किती राहतं आणि बसतं किती? मी बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली, म्हणजे बत्तीस वर्षं मी बसलेच की. ते स्टूल आण बघू इकडे. हो, तेच, ज्याच्यावर चढून तू वरची खोकी काढतोस ते. लोक बघतात तर बघू देत, हरणांच्या शिकारीच्या मोसमाच्या टोप्या बघायला आलेत ते, म्हातारी स्टुलावर बसलेली बघितली तर काही बिघडत नाही त्यांचं.

हं, दे ते काळं. थांब — आधी उघड, तू बघ, मग मला दाखव. रिकामं. ठीक. होईट म्हणायचा, ‘भरलेलं नाहीये’ असं जो छातीठोक सांगतो ना, त्याच्याच हातून गोळी सुटते. नवरा गेला, पण म्हणी ठेवून गेला. हे वजनाला बरं आहे, पण बाई गं, याचा वरचा भाग मागे ओढायला घोडा जुंपावा लागेल! बघ — हा बघ माझा अंगठा, संधिवातानं कसा आल्याच्या तुकड्यासारखा झालाय. चोर आला तर त्याला म्हणायचं का, दादा, जरा थांबा हं, एवढं ओढून द्या? ठेव ते. दुसरं दे, ते गोल पोटाचं. हे चालवता येईल. होईटनं दिलेलं असंच होतं, पाच गोळ्यांचं, लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हाचं. दुसऱ्यांच्या बायकांना अंगठ्या मिळाल्या. मला शिंपल्याच्या मुठीचं रिव्हॉल्व्हर. मी महिनाभर बोलले नव्हते त्याच्याशी, आणि मग अकरा वर्षं एक दिवस त्या रिव्हॉल्व्हरशिवाय घराबाहेर पडले नाही.

आता मला सांग — लाजू नकोस, तुला दोन मुलं आहेत — समज मला बायकांच्या खोलीत, टॉयलेटला, जायचंय. गेले. दार लावलं. पट्टा सैल केला. आता हे कुठं जातं? नाही, तू सांग ना, विकतोस ना तू? पट्टा सैल झाला की त्याला अडकवलेलं होल्स्टर पालथं होतं, पिस्तूल खाली पडतं फरशीवर, म्हणून माणूस ते काढतं आणि ठेवतं. कुठं ठेवतं? कानापर्यंत लाल झालास की! अरे, जगातला प्रत्येक माणूस दिवसातून चार वेळा तिथं जाऊन बसतो, आणि तुमच्या एकाही जाहिरातीत बसलेला माणूस नाही. सगळे आपले उभे, हाताची घडी, डोळे बारीक करून डोंगराकडे बघतायत. मला असं हवंय की जे काढावंच लागणार नाही. चिकटून बसलेलं. कातडीसारखं.

पर्स? पर्सचं नावच काढू नकोस. पर्स मी कुठंही ठेवते.

जुन्याला काय झालंय? काही झालेलं नाही जुन्याला. चांगलं आहे. आहे, जागेवर आहे, तिजोरीत आहे. किती विचारतोस! गिऱ्हाईक घ्यायला आलंय तर तुला काय त्याचं? तू लहानपणी असा चौकस नव्हतास. तू गप्प पोरगा. आठवतं ना जत्रेचं? काउंटीची जत्रा, तिसरीचा वर्ग, मी एकोणचाळीस पोरं मोजून नेली आणि परत शाळेत आल्यावर बघते तर अडतीस. तशीच फिरवली बस. आणि तू कुठं? त्या तळलेल्या सॉसेजच्या गाडीपाशी, जिथं मी तुला शेवटचं बघितलं होतं, अगदी तिथंच, हातात नुसती काडी, रडत नाहीस काही नाहीस. तासभर उभा. तो गाडीवाला म्हणाला, बाई, याला मी सावलीत ये म्हटलं, आत बस म्हटलं, हा म्हणतो हलायचं नाही, मिस अर्डिथ येणार आहे. कारण मी बसमध्ये पहिल्या दिवसापासून घोकून घेत होते ना सगळ्यांकडून — हरवलात, घाबरलात, काहीही झालं, जिथं असाल तिथंच उभं राहायचं, मी येईपर्यंत हलायचं नाही, मी येतेच. आणि आले की नाही? आले. बत्तीस वर्षांत एकदा असं झालं नाही की पोर उभं आहे आणि मी आले नाही.

बरं, ते दुसरं कोणतं? ते करडं, चपटं. दाखव रिकामं. हं. याचा वरचा भाग लोण्यासारखा सरकतो की रे! हे आधी का नाही काढलंस? आणि हा पोटाला बांधायचा पट्टा? रुंद आहे, ऑपरेशननंतर बांधतात तसा. हा वर छातीखाली राहतो, म्हणजे खालचं काहीही सैल करा, हा आपला जागेवर. बसून बघते. वाकून बघते. हं — हे असतं ना, तर ते झालंच नसतं.

ते म्हणजे काय काय? अरे, आमच्या चर्चमधलं. तू फर्स्ट मेथडिस्ट चर्चला जातोस, तुझ्यापर्यंत आलं नाही वाटतं? सगळ्या बेलफोर्ड गावभर झालंय. तीन रविवारांपूर्वी. कुणीतरी बाई बायकांच्या खोलीत गेली, पिस्तूल काढून ठेवलं, त्या टॉयलेट पेपरच्या गुंडाळीचा मोठा स्टीलचा डबा असतो ना, त्याच्यावर, आणि आली निघून. प्रवचनाच्या शेवटी ब्रदर लाइल उभे राहिले — बिचारा चांगला पास्टर आहे, पण त्याला काही हळुवार सांगताच येत नाही — म्हणाले, दोन निवेदनं. पहिलं, मागच्या जेवणातला एक निळ्या झाकणाचा काचेचा डबा स्वयंपाकघरात आहे. दुसरं, एका भगिनीची एक वस्तू बायकांच्या खोलीत राहिली आहे, कोणती ते मी बोलत नाही, जिची असेल तिनं माझ्याकडून घेऊन जावी. आणि व्हर्लिन, मी गायकांमध्ये वरच्या पायरीवर, मला सगळं सभागृह दिसतं — अकरा बायकांचे हात एकदम गेले! मी मोजले. मला पोरं मोजायची सवय. एकीचा कमरेला, एकीचा पर्समध्ये, एकीचा घोट्याकडे, आणि आमच्या लुएलाबाई, ब्याऐंशी वर्षांच्या, त्यांचा हात असा कुठं गेला की ब्रदर लाइलनी डोळेच मिटले, लोकांना वाटलं प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी माना खाली घातल्या! मी एवढी हसले, एवढी हसले, शेजारच्या बाईनं मला चिमटा काढला.

हसतोस ना? हसण्यासारखंच आहे. कुणाचंच नाही निघालं ते. म्हणजे घ्यायला कुणी गेलंच नाही. अजून चर्चच्या तिजोरीत पडलंय.

हेच दे मग, हे करडं. पट्ट्यासकट. आण तो सरकारी कागद, भरते. चष्मा कुठं — हा काय. नाव, अर्डिथ मे प्रुइट. पत्ता. जन्म, तो तुला दिसला तरी बाहेर बोलू नकोस. आणि हे काय विचारलंय? ‘ही वस्तू घेणारी खरी व्यक्ती तुम्हीच आहात का?’ मी नाही तर कोण, लुएला? नाही, मला माहितीये का विचारतात, दुसऱ्यासाठी घेऊन देणारे असतात म्हणून — पण काय पण प्रश्न, खरी व्यक्ती तुम्हीच का. एवढंच विचारलं होतं ब्रदर लाइलनी पण. कुणाचं आहे? एक शब्दाचं उत्तर. त्या घाईत मी झगा चढवला, गायकांची घंटा झाली होती, त्या झग्याखाली कमरेला काय आहे काय नाही काही कळत नाही, म्हणून मी ते डब्यावर —

त्या बाईनं. डब्यावर ठेवलेलं.

असं बघू नकोस माझ्याकडे. तिसरीत पण असाच बघायचास.

बरं, माझं. माझं होतं. हात गेले ते अकरा बायकांचे आणि माझा हललासुद्धा नाही, एवढी माझी खात्री! वर उभी राहून दात काढत होते. गाडीत येऊन सीटचा पट्टा लावायला गेले तेव्हा कमर रिकामी. आणि हे सुद्धा सांगितलं असतं रे मी, खरंच, लोक चार दिवस हसले असते, लुएलाला पण वर्षभर हसतीलच ना — पण ते सापडलं कुणाला, ते तुला माहीत नाही. जोलीला. माझ्या नातीला, सात वर्षांची आहे. ती गेली हात धुवायला, दार अर्धं उघडं, बघते तर शिंपल्याची मूठ. माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर मी ते पुसत असते तेव्हा ती समोर बसून पाव खात असते, तिनं लगेच ओळखलं. आता बाकीच्या पोरांना काय शिकवतात? दिसलं तर हात लावू नका, पळा, मोठ्यांना सांगा. बरोबर आहे. पण मी? माझ्या डोक्यात ती शाळेची बस. मी तिला शिकवलं, हात लावायचा नाही, दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायचं नाही, आणि मी येईपर्यंत तिथून हलायचं नाही. मी येतेच.

पस्तीस मिनिटं, व्हर्लिन. दोन गाणी आणि अख्खं प्रवचन. शेजारच्या खोलीत तीन-तीन वर्षांची पोरं, त्यातली दोन आली होती आत, हिनं त्यांना घालवलं. दाराला पाठ लावून उभी. त्या दिवशी पायऱ्यांवर उभं राहून मुलांनी स्तोत्र म्हणायचं होतं, सहा आठवडे पाठ करत होती, माझ्या गाडीत, माझ्या अंघोळीच्या दाराबाहेर, सगळीकडे. नाव पुकारलं, ही नाही. तिला तिथं जायची लागली होती आणि मागे तीच खोली, पण आत पिस्तूल, म्हणून गेली नाही. फ्रॉकमध्येच झाली. पास्टरची बायको आत आली तेव्हा ही तशी उभी होती, ओल्या मोज्यांत. आणि मी वर गात होते. मोठ्यानं.

विचारलं तिला, कुणाचं आहे? माहीत नाही म्हणाली. पळत येऊन सांगितलं का नाहीस? गप्प. मग काय, तिलाच बोलले सगळे. एवढं शिकवतो, डोक्यात काही शिरत नाही पोरीच्या, आपली बघत उभी राहिली! आता तिला रविवारी लहान पोरांच्या वर्गात बसवतात, नियम पुन्हा शिकायला, तीन वर्षांच्यांत. त्या बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीला लागतात तिचे. आणि आमची सून, टॉना, ती भरचर्चमध्ये म्हणाली, जिनं कुणी ठेवलं असेल ती बाई माझ्या पोरीच्या दहा हातांच्या आत दिसता कामा नये, आयुष्यात. मी शेजारी उभी होते. मी मान हलवली. हो गं बाई, म्हटलं.

मला काही नाही रे उरलं दुसरं. होईट गेला, बस गेली. बुधवारी आणि शनिवारी ती पोरगी येते, तेवढंच. ते बोलून घालवू? म्हणून म्हटलं नवीन घेऊ, घट्ट बांधू, जुनं पडू दे तिजोरीत गंजत, विसरतील लोक. परवाच्या रविवारी त्या वर्गावरून जात होते. तिनं मान वर केली, मला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. असं. काळजी करू नकोस म्हणून. मला! ती मला सांभाळतेय. तीन आठवडे झाले, पोरगी अजून त्याच दाराला पाठ लावून उभी आहे, आणि मी इथं तुझ्या स्टुलावर बसून पट्टे बघतेय.

किती वाजले? अडीच. तीनला सुटते तिची शाळा.

नाही, हा कागद फाड. अर्धा भरलेला चालत नसेल तर फाड, नाहीतर काय करायचं ते कर. पिस्तूल छान आहे, तुझी काही चूक नाही, पुढची म्हातारी आली की तिला आधी हेच दाखव, उगीच ते काळं दाखवून अंगठा मोडू नकोस. माझं आहे मला. ब्रदर लाइल पाचपर्यंत ऑफिसात असतात, आज प्रार्थना आहे, टॉना पण येईल. दहा हात तर दहा हात, मी अकराव्या हातावरून सांगेन, माझा आवाज जातो तेवढा. पण त्याच्याआधी शाळेच्या दाराशी जाते आणि पोरीला सांगते, आले गं मी. हल आता तिथून.

काय बघत उभा राहिलास, रडतोस का काय? ते स्टूल आत घे आधी, कुणीतरी अडखळून पडेल.