चौथा कौल

मूर्खच आहे हो मी, जोतीरामकाका, माझ्यासारखी मूर्ख सोसायटीची चेअरमन अख्ख्या नवी मुंबईत शोधून सापडायची नाही — हसा, हसा तुमी, गावदेवीच्या देवळात हसलं तर चालतं — पण परत फुलं लावा. हो, चौथ्यांदा. माहितीये मला, एका गोष्टीला एकच कौल. पण पहिल्यांदा पंखा चालू होता ना! मी विचारलं, आई, बिल्डिंग रिकामी करायची का, तर माझं वाक्य संपायच्या आत उजवं फूल टपकन खाली. एवढ्या घाईत देवी उत्तर देते का? पंख्याने पडलं ते. मग तुमी पंखा बंद केलात — तरी उजवंच. मग मी हुशारी केली, प्रश्नच फिरवला, म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबलं तर चालेल का — तर डावं! उजवं म्हणजे हो, डावं म्हणजे नाही, शेंबड्या पोरालाही कळेल, आणि मी बी.कॉम. झालेली बाई फूल ओलं होतं का ते चाचपत बसलीये.

मला मुळात चेअरमन व्हायचंच नव्हतं. मीटिंग आमच्या घरी होती, मी चहा आणायला आत गेले, ट्रे घेऊन बाहेर येते तर टाळ्या! तेव्हापासून सगळं इथेच आणून विचारते — वॉचमन कुठला ठेवू, टाकी कधी धुवू — बिल्डिंगचा तो पिस्ता कलर देवीनेच काढून दिला, शिव्या मात्र मी खाल्ल्या. पण बरं वाटायचं हो. कोणी भांडायला आलं की म्हणायचं, मी कुठे ठरवलं? हे रंगाचं नाहीये पण. इंजिनिअर आला, जिन्याखालच्या खांबावर हातोडीने टकटक केलं, तर सिमेंट असं भुरभुर — बिघडलेला रव्याचा लाडू बघा. मला बाजूला घेऊन म्हणाला, मॅडम, आठ दिवसांत सगळ्यांना बाहेर काढा. रिपोर्ट हातात दिला. आज? आज... अकरावा दिवस.

कोणाला सांगणार? कोणालाच नाही सांगितलं. रिपोर्ट पर्समध्ये आहे, हा बघा, भाजी घ्यायला जाते तरी बरोबर. कसं सांगू? तळमजल्यावर करिमुन्निसाचाची — नझीरचाचा दोन वर्षं पलंगाला खिळलेले, त्यांना घेऊन ती कुठे जाणार? वरच्या मजल्यावरच्या सोनलला नववा लागलाय, परवाच मला बाळाची टोपरी दाखवत होती, आणि मी पर्स घट्ट धरून म्हणते, अय्या, किती छान. अठरा घरं, काका! मी दार वाजवून म्हणायचं, निघा? आणि काढलं सगळ्यांना, आणि बिल्डिंग वीस वर्षं ठणठणीत उभी राहिली तर? तोंड कुठे लपवू? आणि नाही काढलं आणि — नाही, ते नाही बोलत मी इथे. जिना उतरताना आता चवड्यांवर उतरते, जसं काय माझ्या एकटीच्या वजनाने... वजन आहेच म्हणा.

आईनेच सांगायला हवं ना, स्पष्ट, एकदाच — म्हणजे चौथ्यांदा. लावा ना फुलं. हात का थांबवलात? घरी? घरी कोण वाट बघणार, हे जहाजावर, मी एकटीच — मनस्वी हल्ली मावशीकडे असते, उरणला. लेकीची बारावी ना, तिथे शांतता... कधीपासून? झाले की — दहा-अकरा दिवस. असं काय बघताय? अभ्यासालाच पाठवलीये! रिपोर्ट दुपारी आला, संध्याकाळी तिची बॅग भरली, ती म्हणते, मम्मी, पुस्तकं तरी घेऊ दे... काका, आई आहे हो मी तिची.

— मनस्वीच्या वेळी कुठलं फूल पडलं होतं, ताई?