आवाज न करणारी वीज

...नाही, पण मला सांगा, माणूस घाबरला तर त्यात हसण्यासारखं काय आहे हो? आमच्या बिल्डिंगमध्ये हसले! वरळीला चाळ पाडून उभा केलेला टॉवर, अठराव्या मजल्यावर आमच्या समोरच्या दारात दत्ताराम सावंत, वय वर्षं शहात्तर, उमेदीची सगळी वर्षं गिरणीच्या बॉयलरवर गेलेली. आधी दगडी कोळसा, मग तेल, मग... मग गिरणीच बंद! तुम्हाला सांगतो, कोळसा धूर ओकायचा, तेल घुरघुरायचं, घरचा रॉकेलचा स्टोसुद्धा भडकण्याआधी भकभक करून बजावायचा. आणि यंदा सोसायटीनं गच्चीवर सोलर बसवलं, बेसमेंटला बॅटऱ्या ठेवल्या, कपाटाएवढ्या, पांढऱ्याशुभ्र. दत्ताराम कान लावून उभे राहिले. काही नाही!

"जेका आवाज नाय, तेचो भरवसो काय?"

कंपनीचा इंजिनियर अनिश खो खो हसला. "काका, जमाना बदलला! कोळसा गेला, डिझेल चाललं, आता डायरेक्ट सूर्य! फुल सेफ! हे बघा ॲप, सगळं हिरवं!" दत्तारामांची सून माया सोसायटीची सेक्रेटरी, बॅटऱ्या तिनंच हट्टानं आणलेल्या, ती बिचारी कानकोंडी... "बाबा, प्लीज, लोकांसमोर नको!"

पण दत्तारामांना चैन पडतेय कुठे? रोज दुपारी जेवण झालं की लिफ्टनं खाली, बॅटरीच्या खोलीच्या दारावर तळहात ठेवून उभे. बॉयलरचं दार ह्या हाताला सगळं सांगायचं, आणि आता नुसतं गार लोखंड! आत काय शिजतंय, कोण जाणे! मला हळूच म्हणाले, "माका भय वाटता रे." आता हा माणूस असं उगाच बोलेल?

आणि गेल्या मंगळवारी, दुपारचे अडीच, हात ठेवला तर दार कोमट! आणि वास... धुराचा नाही हो, गोडसर, नेलपॉलिश पुसतात ना, तसला! मायाला फोन. "बाबा, ॲपवर हिरवं आहे!" अनिशला फोन. "काका, हिरवं आहे!" अहो हिरवं आहे, हिरवं आहे, आणि इकडे दार तापतंय! त्यांनी अलार्मची काच फोडली. कोण उतरतो? अलार्म महिन्यातून चारदा उगाचच वाजतो! मग वॉचमनच्या केबिनमधून एकेका घराला इंटरकॉम... "बॅटरी पेटता हा! खाली उतरा!"

उतरलो. शिव्या देत उतरलो. मी अर्धी दाढी केलेला, पाचव्या मजल्यावरचा प्रफुल्ल हातात कुकर घेऊन! दहा मिनिटं उभे. काही नाही! "काय काका, आग कुठाय?" "काका, स्वप्न पडलं काय?" माया मान खाली घालून. आणि दत्ताराम... तुम्हाला सांगतो, त्यांचा चेहरा मला बघवेना. त्या दहा मिनिटांत तो माणूस देवाकडे काय मागत असेल हो? आग लागू दे, की नको लागू दे?

लागली. धडाम नाही, किंचाळी नाही. बेसमेंटच्या जाळीतून पांढरा धूर आला, मुकाट, जाड, वर वर चढत पाचव्या मजल्याला टेकला. कोणी हसलं नाही. प्रफुल्ल एवढंच पुटपुटला... "जेका आवाज नाय..."

बंब पाच तास झगडले. माणूस एकही दगावला नाही, पण मेन केबल जळाली, वीज बंद, लिफ्ट बंद. दत्तारामांचे गुडघे गेलेले, अठरा मजले चढणार कसे? तीन दिवस वॉचमनच्या खाटेवर! माया डबा घेऊन जिन्यानं वरखाली. पहिल्या दिवशी डबा ठेवून लगेच वर. दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणाली, "बाबा, चुकलं माझं." ते म्हणाले, "जेवलंस?"

शुक्रवारी अंगणात मीटिंग. कंपनीचा निरोप... नवी बॅटरी घ्याल तर सोलरवर लिफ्ट परवा चालू, नाहीतर केबल यायला महिना. प्रफुल्ल ओरडला, "पुन्हा ती अवदसा नको! दत्तारामकाका, तुम्हीच सांगा ह्यांना!" सगळे त्यांच्याकडे वळले. दत्ताराम खाटेवरून गुडघा धरून उठले, वर अठराव्या मजल्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं...

"भरवसो नाय तो नायच. पण हाडा, नवी बॅटरी घेवन येवा... अठरा माळे कोण चढतलो?"