शुद्धीवर आल्यावरचं पहिलं वाक्य

जबाब देणार: बेपत्ता रंगाऱ्याची थोरली बहीण, वय ४१, धंदा परिचारिका, राहणार दवाखान्यामागची इमारत, तळमजला.

मी समक्ष हजर राहून सांगते की, माझा धाकटा भाऊ आज दुपारपासून बेपत्ता आहे. तो घरांना रंग देतो. शिडीवरून पडल्यावर पाठीसाठी त्याला अफूच्या जातीच्या गोळ्या सुरू झाल्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. घरात आम्ही त्याला भोपळ्या म्हणतो. आता अंगावर मूठभर मांस नाही, तरी नाव तेच आहे.

मी दवाखान्यात याच व्यसनावरच्या संशोधनात काम करते. जास्त गोळ्यांनी बेशुद्ध पडलेला माणूस नाकात मारायच्या उताऱ्याच्या फवाऱ्याने शुद्धीवर आला की त्याच्याशी पहिलं वाक्य काय बोलावं, हा माझा विषय. रुग्णांनाच विचारून आम्ही ते ठरवलं. ओरडायचं नाही, दोष द्यायचा नाही. म्हणायचं, "तू सुरक्षित आहेस. मी इथेच आहे." हे मी घरी मोठ्याने घोकायचे, तेव्हा भाऊ हसायचा.

आज जेवायला घरी गेले तर तो स्वयंपाकघरात पडलेला. ओठ निळे. मी फवारा मारला, तोंडाने श्वास दिला. त्याने डोळे उघडले. मी म्हणाले, "तू सुरक्षित आहेस. मी इथेच आहे."

तो म्हणाला, "हे दवाखान्यातलं झालं, ताई. घरचं बोल ना. दोन शिव्या घाल."

शिव्या नंतर घालू म्हटलं. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला फोन बाहेरच्या खोलीत होता, तो घ्यायला गेले. परत येते तर तो नाही, मागचं दार उघडं.

त्याच्या अंगात पांढरा शर्ट, त्यावर निळ्या रंगाचे शिंतोडे. चपला घरीच आहेत. "येईल संध्याकाळपर्यंत," असं हवालदार म्हणाले. फवाऱ्याचा असर गोळ्यांच्या आधी उतरतो, तो पुन्हा बेशुद्ध पडेल. संध्याकाळपर्यंत थांबता येणार नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मला तो घरी हवा आहे, आणि त्याच्यावर पोटभर ओरडायचं आहे.

सापडल्यास त्याला माझा निरोप द्यावा: "गाढवा, मुकाट्याने घरी ये, ताट वाढलंय." निरोप सौम्य करू नये.

जबाब मला वाचून दाखवला. हवालदारांनी "गाढवा" गाळलं होतं, ते माझ्यासमोर पुन्हा घातलं. आता बरोबर आहे.