पोपटाचं म्हणणं

आन् त्या पोपटाला कुणी इचारलं व्हतं का, मी म्हणते! समदी दुनिया म्हणती, गाणं बेस हाय, ढोल अजून वाजवा, नाच अजून घाला... आन् ह्यो एकटा म्हणतो, वाजंत्री कमी करा! आता गाण्यातलं गाणंच कमी करा म्हणणारा माणूस, तुमीच सांगा बाप्पा, बरा असंल का? पण माझं ऐकतं कोन? मी पडले अंगठा उठवणारी बाई. नात म्हणली, "लोकांचं म्हणणं हाय, आजी. घ्यावं लागतं." घ्या! घेता घेता मपल्या दारातली मेंढरं जायची येळ आली, तरी घ्या!

थांबा, असं मधूनच धरलं तर तुमाला काय कळायचं. उज्ज्वला म्हंजे मपल्या गहिनीनाथाची लेक, मपली नात. रोज नेकनूरहून यष्टीनं बीडला कॉलेजात जाती. तितं काय करतेत म्हणलं, तर म्हणं गाण्याचा पिच्चर काढायचा, त्याचं पोस्टर करायचं, चार लोकांत त्याची हवा करायची, आन् मग लोकांला इचारायचं, कसं वाटलं? लोक म्हणतेल तसं बदलायचं, परत दाखवायचं, परत इचारायचं. आन् मार्क कशाला? गाण्याला न्हाई, तुमाला सांगते, बदलण्याला! लोकांचं किती ऐकलं, त्याला मार्क! आता मला सांगा, बायांनी जल्मभर लोकांचंच ऐकलं, कुणी एक तरी मार्क दिला का? पण बापानं पोरीला निक्षून सांगितलेलं, औंदा फस्ट क्लास आला तर पुढं शीक, न्हाई तर दप्तर खुंटीला. म्हणून मी बी गप. म्हणलं, काढ माय तुझं गाणं.

गाणं लिहिलं तिच्या मैतरणीनं, बबितानं. दोघी काळे चष्मे लावून माळावर मपल्या मेंढरांत नाचल्या. मेंढरं आपली पाठमोरी. त्यांला काय घेणं? आन् त्या गाण्याच्या मागं, पार ढोलाच्या खाली, कुठंतरी इतकुशी... मपली हाळी.

आता हाळी म्हंजे काय, तर दिवस मावळला की माळावरून मेंढरं वाघरीत, म्हंजे आमच्या जाळीच्या कुंपणात, बोलवायची हाक. घराघराची निराळी. शेजारच्या हरिबानं बोंबलून जीव दिला तरी मपलं मेंढरू मान वर करायचं न्हाई. मपल्या सासूनं, सत्यभामाबाईनं, मला वाघरीत बसवून कानात हाळी दिली आन् म्हणली, "मनकर्णे, ऐकायला ती माळावरचं कुणी बी ऐकंल, त्याचं भ्या न्हाई. मेंढरू शबुद ओळखत न्हाई, गळा ओळखतं. तेवढा गळा संभाळ." संभाळला की! पण सासूबाईला कुठं ठाव, की पुढं असा जमाना येईल, माणूस घरी ऱ्हाईल आन् गळा दुसऱ्याच्या खिशात घालून नेता येईल!

न्हाई, ती हाळी मी हितं म्हणून दाखवणार न्हाई. इचारू बी नका. तुमच्यात कोन कोन बसलंय, मला काय ठाव?

तर पयल्यांदा शाळंच्या व्हरांड्यात पडदा लावून गावाला दाखवलं. पोरगी फोन घेऊन उभी, म्हणली, मोकळेपणानं बोला. अगं, आमच्या गावाला मोकळेपणानं बोला म्हणावं लागतं व्हय? हरिबा म्हणला, "ए पोरी, तुमी नाचताय तितं खाली माझी तूर दिसायली. वाळलेली. ती जरा हिरवी करता येती का बघ." सुभद्राबाई म्हणली, "चष्मे काढा गं सटव्यांनो, तोंडं दिसली तर सोयरीक जमंल!" विजयसिंहराव, आमचे पुढारी, बसल्या जागीच खाकरले, "बाकी सगळं उत्तम हाय. कोपऱ्यात आमचा फोटो असता तर वजन आलं असतं." आन् पोरगी समदं टिपून घ्यायली! म्हणलं, ह्या येड्यांचं काय टिपतीस? तर म्हणती, "लोकांचं म्हणणं हाय, आजी."

हे झालं तोंडावरलं. फोनवर तर ढीगभर आलं. त्यात ह्यो पोपट. माणसाचं नाव न्हाई, गाव न्हाई, निस्ता हिरव्या पोपटाचा फोटू. समद्यांनी नाचाबद्दल लिहिलं, चष्म्याबद्दल लिहिलं. पोपटानं लिहिलं, "मागचा आजींचा आवाज फार गोड. वाजंत्री कमी करा."

बबिता टाळ्या पिटायली. उज्ज्वला म्हणली, बघ आजी, तुझा चाहता! मला बी बरं वाटलं, खोटं कावून बोलू? ह्या वयात कोन गोड म्हणतं? झालं. ढोल खाली गेला, हाळी वर आली.

दुसऱ्या दिवशी पोरगी वाघरीपाशी बसून ते नवं गाणं ऐकायली. मी कोकरं पाजायले. आन् तुमाला सांगते, आमची भुरी, समद्यात म्होरची मेंढी, जिच्यामागं बाकीची जातेत, ती तोंडातला पाला सोडून उठली. कान टवकारले. चालत आली आन् त्या फोनपाशी उभी ऱ्हायली. मी हितं, तिच्या पाठीशी, जित्तीजागती! आन् ही फोनकडं बघायली. खंड्या कुत्रं तर फोनला शेपूट हलवायलं! पोरगी हसून हसून लोळायली. मी कोकरू खाली ठिवलं. म्हणलं, उजे, हे काय बरं न्हाई. पुसून टाक. ती म्हणली, "आता कसं पुसू? लोकांचं म्हणणं हाय, आजी."

मंग पोस्टर केलं. पोपट हजर. "पोस्टरवर सगळी मेंढरं दिसली पाहिजेत. किती आहेत ते कळलं पाहिजे." केलं! वरून उभं ऱ्हाऊन फोटू काढला, एकूण एक मेंढरू मोजता यावं असा. परत पोपट. "गावाचं नाव टाका. प्रेक्षकांना जवळीक वाटेल." टाकलं! नेकनूरचा माळ, खाली वढ्याचा रस्ता, समदं टाकलं! आन् कॉलेजातले सर काय म्हणावं? सरांनी वर्गात वाचून दाखवलं म्हणं. (ते सर असे चष्मा कपाळावर ढकलून बोलतेत.) "पाहा मुलांनो, हा जाणकार प्रेक्षक! प्रत्येक सूचना नेमकी. याला म्हणतात प्रतिसाद!" मी म्हणलं, सरांला इचार, जाणकार हाय ते ठीक, पण कशाचा जाणकार? पोरगी म्हणली, आजी, तुला समद्यात वाईटच दिसतं.

दिसतं बाई. मला ते बी दिसलं, जे तुला दिसलं न्हाई. वढ्याच्या अंगाला एक फटफटी यायली. उभी ऱ्हायली. पोरगा खाली उतरला न्हाई, तोंडाला रुमाल, खिशातून फोन काढला... आन् वाऱ्यावर मपलाच आवाज आला. लांबून. बारीक. आपला आवाज लांबून ऐकला हाय का कधी तुमी? आपुन मेल्यावर कुणी आपल्याला हाक मारावी तसं वाटतं. मेंढरांनी माना वळवल्या. समद्यांनी. पण पुढं ढोल लागला आन् मेंढरं परत चरायला लागली. फटफटी गेली. त्याच दिवशी, तुमाला शप्पथ सांगते, त्याच दिवशी पोपटाचं आलं, "हाळी मधेच तुटते, मग ढोल येतो. पूर्ण हाळी टाका. सुरुवातीलाच. वाद्य बिलकूल नको."

मी म्हणलं, न्हाई. अजाबात न्हाई. पुरी हाळी मी द्यायची न्हाई. तर पोरगी रडकुंडीला. "आजी, शेवटचा बदल हाय. ह्याला समद्यात जास्त मार्क हायेत. न्हाई केला तर फस्ट क्लास जाईल, मग बाबा..." आता बोला! एकीकडं मेंढरं, एकीकडं लेकरू. मी काय करावं? दिली. आन् एकदा देऊन भागतं व्हय? "आजी, परत. आजी, वारा आला. आजी, कोकरू वरडलं. आजी, जरा मनापासून." पार घसा बसला. मंग मपल्या नरड्यातून निस्ती फुसफुस, आन् पोरीच्या फोनमधी मी कशी... खणखणीत! लगीन होऊन आलते तवाचा आवाज!

गाणं चढलं कॉलेजच्या पानावर. लोकांनी डोक्यावर घेतलं. आन् पोपट? गप. एक शबुद न्हाई. इतके दिवस ज्याला बोलल्याबिगर राहवंना, तो गप कावून झाला? माझा जीव थाऱ्यावर न्हाई. पोरीला म्हणलं, पोपटाचं काय आलं का गं? म्हणती, "न्हाई आजी. त्याचं समाधान झालं असंल."

झालं व्हतं की!

दोन दिवसांनी, दिवस बुडायच्या वक्ताला, गहिनीनाथ गेलता बीडला, मी एकलीच माळावर. मेंढरं गोळा करायची, पण हाळी देऊ कशी? नरडं बसलेलं. काठीनं वळवायले एकेक. वारा पडलेला. चिमणी बोलंना. आन् खाली वढ्याच्या रस्त्यावर एक टेम्पो येऊन उभा ऱ्हायला, पाठ आमच्याकडं करून. फळी टाकली. वर एक भोंगा. आन् त्या भोंग्यातून, बाप्पा... मी.

पुरी हाळी. सुरुवातीलाच. वाद्य बिलकूल न्हाई.

भुरी निघाली. तिच्यामागं समदी. धावत न्हाई हं, आज्ञेत! रोज वाघरीत जातेत तशी, खाली मान घालून, धूळ उडवत, मपल्या अंगावरून मपल्याकडंच निघाली! मी वरडले, भुरेऽ... कशाचं काय, वारा बी निघंना तोंडातून. खंड्या? खंड्या म्होरं जाऊन टेम्पोपाशी शेपूट हलवायला. चोरावर कुत्रं भुकतं, मालकिणीवर कसं भुकंल? भुरी फळी हुंगायली, तवर तिच्या बाजूनं पयली चढली. दुसरी चढली. भुरीनं फळीवर पाय ठिवला...

आन् गाणं संपलं.

आतून कुणी तरी म्हणलं, "लाव बे परत, लवकर!" परत लावलं. आन् परत लावलं की आधी काय येतं? जाहिरात! भोंग्यातून बाप्याचा जाड आवाज, "गुडघे दुखतात का? उठता-बसता कळा येतात का?"

भुरी थबकली. एक पाय फळीवर, एक खाली. समदी मेंढरं उभी. समदा माळ गुडघ्याचं ऐकायला लागला. "बंद कर बे ते!" "बंद होईना! पाच सेकंद थांब म्हणायलंय!" आन् तेवढ्यात मपल्या पाठीमागून हाळी उठली. मी म्हणलं, झालं, दुसरा टेम्पो आला! वळून बघते तर उज्ज्वला. यष्टीतून उतरून आलेली, दप्तर खांद्याला, तोंडाला दोन हात लावून... ऐकून ऐकून, कापून जोडून, पुरी पाठ झालेली. आन् गळा? मपलाच. मला ठावंच नव्हतं! सासूबाईनं मला कानात दिली, मी तिला कधी दिली बी न्हाई, तरी तिच्यात निघाली!

भुरीनं पाय काढून घेतला. वळली. समदी वळली. टेम्पो निघाला तो फळी घासत, दोन मेंढरं घेऊन, आन् लांब जाईस्तोवर तो बाप्या वरडतच व्हता, "आजच वापरून बघा!"

ठाण्यात गेलो. हवालदार म्हणला, संशय कुणावर? म्हणलं, पोपटावर. त्यानं पेन खाली ठिवला. सरांकडं गेलो, म्हणलं, गाणं काढा. सर म्हणले, "आजी, बाहेरचे परीक्षक येऊन जाईपर्यंत काढता येत नाही. आणि हे बघा, तुमच्या नातीला किती सुंदर प्रतिसाद येतोय. आजचाच ताजा." आन् फोन पुढं केला. उज्ज्वला वाचायली. वाचता वाचता पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हणलं, वाच ना, काय म्हणतंय? तिनं हळूच वाचलं.

"हाळी आता मस्त ऐकू येते. फक्त आधीची जाहिरात काढा. आणि पुढच्या गाण्यात नातीचा आवाज घ्या. तिचाही फार गोड आहे."

खाली पोपट.

आन् त्याच्या खाली सरांचा अंगठा! अंगठा म्हंजे आवडलं म्हणं. आमचा अंगठा अडाणी, सरांचा अंगठा शिकलेला!

मी पोरीकडं बघितलं. म्हणलं, आता म्हण की, लोकांचं म्हणणं हाय, आजी. ती निस्ता माझा पदर धरून उभी ऱ्हायली, लहानपणी वाघरीत धरायची तसा.

मंग म्हणलं, जाहिरात तरी ऱ्हाईल का गं? म्हणती, "ते आपल्या हातात न्हाई, आजी. कंपनीची मर्जी. तिनं पैसे भरले तवर येती, न्हाई तर बंद."

म्हंजे बघा, सासूचा गळा, मपला गळा, नातीचा गळा... समदे पोपटाला पाठ. मपली मेंढरं आता त्या गुडघ्याच्या तेलाच्या भरवशावर! काय करता? त्याच्या दोन बाटल्या इकत आणल्या. कंपनी चालली पायजे ना, बाप्पा! रोज लावते.

गुडघ्याला? गुडघ्याला काय बी फरक न्हाई.